श्रीरामपूरची मंडळी

हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर या गावी (हे श्रीरामपूर बंगालमधील, महाराष्ट्रातील नव्हे) २८ डिसेंबर १८०० रोजी, रविवारी, घाटावर मोठी गर्दी जमली होती. त्या काळी हे गाव डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली असल्याने डॅनिश गव्हर्नर कर्नल बी जातीने उपस्थित होता. पोर्तुगीज वंशाचे लोक, हिंदू व मुसलमान असा सर्व तऱ्हेचा समुदाय पायऱ्यांवर उभा होता. चाळिशीला टेकलेला, अंगापिंडाने किरकोळ, डोक्यावरचे केस केव्हाच गेलेला एक इंग्रज पाण्यात उतरला. ही नदी आपण पवित्र मानीत नाही, हे पाणी केवळ पाणीच आहे, असे त्याने जमलेल्यांना बंगालीतून बजावले आणि मग त्याने एकामागून एक अशा दोन व्यक्तींना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. त्यांतील पहिला त्याचाच थोरला मुलगा फेलिक्स. दुसरा कृष्ण पाल नावाचा सुतार.

हा विधी चालू असता जवळच्या घरांतून दोन माणसांचा आक्रोश ऐकू येत होता. एक जॉन टॉमस हा डॉक्टर. सतरा वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो आल्याच्या आनंदाने त्याच्या मनाचा तोल गेला होता व त्याला कोंडून ठेवावे लागले होते. दुसऱ्या खोलीत होती डॉरथी, बाप्तिस्मा देणाऱ्याची पत्नी आणि बाप्तिस्मा घेणाऱ्या मुलाची आई. तिला वेड लागून पाच वर्षे झाली होती.

विल्यम कॅरी याचे चरित्र लिहिणाऱ्यांनी घाटावरचा प्रसंग मोठ्या गौरवाने रंगविला आहे, कोंडलेल्या खोल्यांचा उल्लेख मात्र ओझरता केला आहे. वास्तविक दोन्ही मिळूनच ती सकाळ पुरी होते. महाराष्ट्राला कॅरीचे नाव ठाऊक आहे ते मराठीचे एक आरंभीचे मुद्रित व्याकरण रचणारा म्हणून. पण त्याला एकट्याला उचलून पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसविणे हा त्याच्यावरच अन्याय होईल. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. किती नेमका शब्द आहे हा! इमारत नव्हे, अधिकारपीठ नव्हे, तर एकत्र जमलेली माणसे. कॅरीचे आयुष्य म्हणजे अशा एका मंडळीचे आयुष्य होय.

बाप्टिस्ट पंथाचा मूळ आग्रह येथे ध्यानी घ्यावयास हवा. तान्ह्या मुलाच्या कपाळी पाणी शिंपडून त्याला ख्रिस्ती ठरविणे या पंथाला मान्य नाही. जाणत्या वयात, स्वतःच्या विचाराने श्रद्धा पत्करणाऱ्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यावा, असे त्याचे म्हणणे. म्हणजे जन्माने कोणी बाप्टिस्ट होत नाही. बापाने मिळविलेले मुलाला आयते लाभत नाही आणि प्रत्येक पिढीला पहिल्या पायरीपासून चढावे लागते. म्हणूनच त्या दिवशी मिशनऱ्याचा मुलगा आणि बंगाली सुतार एकाच पाण्यातून, एकाच पायरीवरून वर आले. ज्या समाजात माणसाचे स्थान जन्मानेच ठरत असे त्या समाजाला या गोष्टीचा अर्थ सांगावा लागला नाही. तो तत्काळ कळला, आणि म्हणूनच तो इतका झोंबला.

कॅरीचा स्वतःचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यातला. बाप विणकर होता, पुढे गावच्या शाळेचा मास्तर झाला. मुलाला चांभाराच्या हाताखाली उमेदवारीला ठेवण्यात आले. जोडे शिवता शिवता त्याने लॅटिन, ग्रीक व हिब्रू यांचा अभ्यास केला. १७८३ साली नॉर्थॅम्प्टन येथे नेन नदीत त्याने बाप्तिस्मा घेतला आणि मौल्टन व नंतर लेस्टर येथील लहान मंडळ्यांचा तो पाळक झाला. त्या मंडळ्या म्हणजे कारागिरांच्या, शेतकऱ्यांच्या. प्रस्थापित चर्चबाहेरचे म्हणून विद्यापीठांची दारे या लोकांना बंद, सरकारी मानमरातबही बंद. १७९२ मध्ये कॅरीने एक पुस्तिका लिहिली. तीत जगातील देशोदेशींची लोकसंख्या व धर्म यांचे तक्ते होते. गुलामांच्या श्रमांवर पिकणारी वेस्ट इंडिजची साखर ज्या कुटुंबांनी सोडली आहे, त्यांनी वाचलेले पैसे धर्मप्रसाराला द्यावेत, अशी एक व्यवहारी सूचनाही तीत होती. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका विधवा बाईच्या बैठकीच्या खोलीत मूठभर पाळक जमले, त्यांनी एक संस्था काढली आणि वर्गणीचा आकडा झाला १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर हिंदुस्थानास निघणे हे धाडस म्हणावे की अविचार, याचा निवाडा यशाने केला. तसा तो नेहमीच होतो.

पण त्या अविचाराची किंमत कोणी मोजली? लग्नाच्या नोंदवहीत अंगठ्याऐवजी फुली काढणारी, आपला मुलूख सोडून कधी बाहेर न पडलेली डॉरथी प्रथम यावयास तयारच नव्हती. १७९३ च्या मे महिन्यात ती बाळंत झाली आणि जूनमध्ये, धाकट्या बहिणीला बरोबर घेण्याच्या अटीवर, तिने चार मुलांसह डॅनिश जहाजावर पाय ठेवला. पाच महिन्यांनी, ११ नोव्हेंबरला, कलकत्ता. त्यानंतरचे दिवस अन्नान्नदशेचे, सुंदरबनाच्या कडेला झोपडीतले. पुढे उत्तर बंगालमध्ये मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर कॅरीला नोकरी लागली, आणि तेथेच १७९४ साली पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. बाप स्वतः आजारी. परक्याच्या प्रेताला शिवावयास कोणी धजेना, कबर खणावयास माणूस मिळेना. अखेर काही मुसलमान एकमेकांच्या आधाराने पुढे आले. या आघातातून डॉरथी सावरली नाही. नवरा व्यभिचारी आहे या भ्रमाने तिला ग्रासले. ती त्याच्या अंगावर धावून जाई. १८०७ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत, सुमारे बारा वर्षे, ती या अवस्थेत होती. शेजारच्या खोलीत तिचा आरडाओरडा चालू असता कॅरीने बंगाली नवा करार पुरा केला आणि संस्कृतचे व्याकरण रचले. त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठविले नाही, घरीच सांभाळले, हे त्याच्या पदरी घालावेच लागेल. पण तिच्या मनाची तयारी नसता तिला आणण्यात आले, हेही खोडता येत नाही. काही चरित्रकारांनी तिला थोर पुरुषाच्या मार्गातील धोंड ठरविले आहे. ही दृष्टी आता टाकून द्यावी हे बरे.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या राज्यात मिशनरी नको होते. धर्माला हात घातला तर व्यापार धोक्यात येईल, हा तिचा रोकडा हिशेब. त्यामुळे १७९९ साली विल्यम वॉर्ड व जोशुआ मार्शमन हे नवे सहकारी आले तेव्हा त्यांनी डॅनिश श्रीरामपुराचा आसरा घेतला, आणि १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही तेथे आला. वॉर्ड छापखान्यात वाढलेला व वृत्तपत्रे संपादिलेला, तर मार्शमन विणकराचा मुलगा व शाळामास्तर. जोडे शिवणारा, खिळे जुळविणारा व मुले शिकविणारा अशा या तिघांनी एका छपराखाली, एका स्वयंपाकात राहण्याचा करार केला. सर्वांची कमाई एका पेटीत, खर्च गरजेपुरता, मालकी कोणाचीच नाही. १८०१ मध्ये कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीची बंगालीचा शिक्षक म्हणून दरमहा ५०० रुपयांवर नेमणूक झाली. मिशनरी म्हणून नको असलेला माणूस पंडित म्हणून कंपनीला चालला! पुढे संस्कृत व मराठीचेही अध्यापन त्याच्याकडे आले व पगार दुप्पट झाला. पण घरखर्चापुरती किरकोळ रक्कम वगळता तो सारा सामाईक पेटीत पडे. आणि या एकत्र कुटुंबाचा गाडा प्रत्यक्षात चालविला तो हॅना मार्शमन या बाईने. तिच्या निवासी शाळेच्या उत्पन्नावर मिशनचे पोट भरत असे, शिवाय कॅरीच्या आईवेगळ्यागत झालेल्या उनाड मुलांना वळण लावण्याचे कामही वॉर्डच्या जोडीने तिनेच केले. त्या मुलांचा बाप धातुरूपांत गढलेला होता.

कृष्ण पालचे मंडळीत येणे हा या इतिहासाचा खरा मध्यबिंदू होय. नदीच्या घाटावर घसरून त्याचा खांदा निखळला, टॉमस डॉक्टरने तो बसविला, आणि ओळख वाढली. बाप्तिस्म्याच्या सहा दिवस आधी कृष्ण व त्याचा मित्र गोकुळ हे दोघे मिशनऱ्यांच्या पंक्तीस उघडपणे जेवले. घाटावरच्या बुडीपेक्षा या घासानेच गावात अधिक खळबळ उडाली. कृष्णाला लोकांनी ओढीत न्यायाधीशापुढे नेले. डॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला संरक्षण दिले. गोकुळ कचरला, पण पुढल्या वर्षी आला. कृष्णाच्या घरच्या स्त्रियाही आल्या. १८०३ मध्ये कृष्णाच्या मुलीचा विवाह मंडळीतील कृष्णप्रसाद या पूर्वाश्रमीच्या ब्राह्मणाशी झाला. सुताराची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा! त्याच वर्षी गोकुळ वारला. तोवर ख्रिस्त्यांच्या प्रेतयात्रेला मजुरीवर खांदेकरी आणण्याचा प्रघात होता. मार्शमनने तो मोडला. गोकुळची शवपेटी स्वतः मार्शमन, फेलिक्स कॅरी, भैरव नावाचा पूर्वीचा ब्राह्मण व पीरू नावाचा पूर्वीचा मुसलमान या चौघांनी खांद्यावर वाहून नेली. नऊ वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या पीटरला कबर खणणारा मिळत नव्हता, हे आठवले म्हणजे या चार खांद्यांचे मोल कळते.

दक्षिणेकडील काही जुन्या मिशनांनी चर्चमध्ये जातीजातींच्या वेगळ्या बैठका चालू दिल्या होत्या. श्रीरामपूरकरांनी ती सवलत आरंभापासून नाकारली. त्यामुळे त्यांची संख्या कमी राहिली. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, हिंदू धर्माबद्दल वॉर्डने लिहिलेले पुष्कळसे एकांगी होते हेही मान्य करावे. परंतु पंक्तिभेद मोडण्याच्या बाबतीत त्यांनी तडजोड केली नाही, आणि महाराष्ट्रात ज्योतिराव फुले यांचा जन्म व्हावयास तेव्हा अजून पाव शतक होते.

आता छापखान्याकडे वळू. ४६ पौंडांना घेतलेले एक लाकडी यंत्र, एवढ्यावर त्याचा आरंभ झाला. बंगाली खिळे पाडणारा पंचानन कर्मकार हा कारागीर श्रीरामपुरास आला, त्याने आपली विद्या जावई मनोहर याला दिली, आणि या सासरा-जावयांच्या हातून नागरी, मोडी व इतर अनेक लिप्यांचे खिळे उतरले. पंचानन व मनोहर यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, पण व्यापक अर्थाने तेही त्या मंडळीतलेच. मराठीचा पंडित वैजनाथ हा नागपूरकडचा. त्याच्या मदतीने १८०५ साली कॅरीचे मराठी व्याकरण निघाले, त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान, १८१० साली मोडी अक्षरांतील कोश, १८११ साली नवा करार. पुढे ‘सिंहासन बत्तिशी’ व ‘हितोपदेश’ ही पुस्तकेही मराठीत छापली गेली. कोकणीतही नवा करार निघाला. या मराठीवर नागपुरी वळणाची व बंगाली-संस्कृत सहवासाची छाया आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती परकी वाटली, आणि मुंबईच्या मिशनऱ्यांना नवे भाषांतर हाती घ्यावे लागले. मोल्सवर्थचा कोश आल्यावर कॅरीचा कोश मागे पडला. एका माणसाने कोठल्याही भाषेच्या प्रदेशात न जाता बसल्या जागी पंडितांकरवी डझनावारी भाषांतरे करविली तर त्यांतली बरीचशी कच्ची निघणार, हे उघड आहे. कॅरीच्या उत्साहाने त्याच्या विवेकावर मात केली होती. तरी मराठी गद्याला छापील पानावर आणणाऱ्या पहिल्या हातांत वैजनाथ पंडिताचा हात होता, हे मराठी माणसाने विसरू नये. कॅरीचे नाव निघते तेव्हा त्याचे नाव बहुधा निघत नाही.

११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागली. कागदाचा प्रचंड साठा, खिळे, आणि त्याहून अमोल अशी हस्तलिखिते जळाली. बहुभाषी कोशाची वर्षानुवर्षांची मेहनत त्यांत होती. ती कॅरीला पुन्हा कधी उभी करता आली नाही. सुदैवाने खिळ्यांचे मूळ ठसे वाचले. वितळलेल्या धातूचे नवे खिळे ओतणे चालू झाले आणि काही महिन्यांतच छपाई पूर्ववत होऊ लागली.

त्याच वर्षी कलकत्त्यातील लाल बाजारच्या चर्चमध्ये, जे या मंडळीने १८०९ मध्ये उघडले होते, अडोनिराम जडसन हा तरुण अमेरिकन वॉर्डकडून बाप्तिस्मा घेता झाला आणि ब्रह्मदेशातील बाप्टिस्ट मिशनचा जनक ठरला. जडसन ज्या तुकडीतून आला तिच्यातीलच गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे बाप्टिस्ट न होता १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले, आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. रेव्हरंड ना. वा. टिळक पुढे १८९५ मध्ये ज्या परंपरेत आले ती हीच. लाल बाजारचे ते चर्च आजही कॅरीच्या नावाने उभे आहे.

पुढल्या पिढीची कथा मात्र सरळ नाही. कॅरीबरोबर पहिल्या दिवशी घाटावर उतरलेला फेलिक्स ब्रह्मदेशात गेला. १८१४ साली इरावतीत नाव उलटून त्याची बायको व मुले बुडाली, बरोबरचा छापखानाही गेला. त्यानंतर तो ब्रह्मी राजाचा वकील बनून थाटामाटात कलकत्त्यास आला. आपला मुलगा मिशनऱ्याच्या पदावरून वकिलाच्या पदापर्यंत घसरला, अशी खंत बापाने व्यक्त केली. वकिली बुडाली, फेलिक्स भटकत राहिला, आणि १८१८ मध्ये परतून बापाच्या शेजारी कामाला बसला. शरीरशास्त्रावरील ‘विद्याहारावली’ हा बंगाली ग्रंथ त्याचा. १८२२ च्या नोव्हेंबरात तो वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्ण पाल पटकीने गेला होता. एकाच दिवशी पाण्यातून वर आलेले दोघे एकाच वर्षी मातीत गेले. मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क हा वृत्तपत्रकार व इतिहासकार झाला. मार्शमनचा जावई हेन्री हॅवलॉक हाही याच मंडळीत बाप्तिस्मा घेतलेला. १८५७ मध्ये नानासाहेबांच्या कानपुरावर चालून गेलेला सेनापती तो हाच. मंडळीच्या वंशावळीत अशीही पाने असतात.

सर्वांत कटू प्रकरण घरातल्या भांडणाचे. केटरिंगची जुनी पिढी अस्तंगत झाली, १८१५ साली चिटणीस अँड्र्यू फुलर गेला, आणि लंडनच्या नव्या कारभाऱ्यांनी श्रीरामपूरच्या इमारतींच्या मालकीचा हिशेब मागण्यास सुरुवात केली. ज्यांनी स्वतःच्या कमाईतून त्या उभारल्या आणि त्यांवर कधी मालकी सांगितली नाही, त्यांच्यावर धनलोभाचे आरोप झाले. कलकत्त्यास आलेले तरुण मिशनरी, त्यांत कॅरीचा सख्खा पुतण्या युस्टेस, वेगळे झाले व त्यांनी निराळी मंडळी काढली. १८२७ मध्ये श्रीरामपूर व मूळ संस्था यांची फारकतच झाली. मार्शमनचा ताठरपणा यास काही अंशी कारण होता. पण पाण्यात बुडवून समान झालेल्या माणसांना पत्रव्यवहाराने इतके दूर केले, हे वाचताना वाईट वाटते. कॅरीच्या हयातीत हे मिटले नाही.

तरी काम थांबले नव्हते. १८१८ साली ३७ विद्यार्थ्यांनिशी कॉलेज सुरू झाले. त्यात ख्रिस्ती नसलेल्यांनाही प्रवेश होता, आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याचा अधिकार दिला. त्याच १८१८ साली ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्र निघाले. १८२९ च्या डिसेंबरात सतीबंदीचा कायदा भाषांतरासाठी आला तो रविवारी. उशीर झाल्यास एखादी विधवा जळेल म्हणून कॅरीने उपासनेचे प्रवचन दुसऱ्यावर सोपविले व सूर्यास्तापूर्वी बंगाली मसुदा हातावेगळा केला.

आणि त्याची बाग! कृषी व उद्यान संस्थेची १८२० मधील स्थापना त्याची, रॉक्सबरो या वनस्पतिशास्त्रज्ञाचा ‘फ्लोरा इंडिका’ छापविणाराही तोच. रॉक्सबरोने एका वृक्षजातीला मित्राचे नाव दिले, ‘कॅरिया अर्बोरिया’. हा वृक्ष म्हणजे सह्याद्रीतील आणि कोकणातील आपला कुंभा. त्याच्या सालीचा तोडा पूर्वी बंदुकीला लावीत. मोठी, पांढरट, झुपकेदार फुले उन्हाळ्याच्या तोंडी येतात. कुंभ्याच्या झाडाखाली विसावणाऱ्या मावळातल्या गुराख्याला इंग्रज चांभाराशी आपला काही संबंध आहे याची कल्पना नसते.

वॉर्ड १८२३ मध्ये गेला होता. कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या, कॉलेजचा पगार संपुष्टात आला, आणि ९ जून १८३४ रोजी कॅरीचे निधन झाले. डॅनिश निशाण अर्ध्यावर उतरविण्यात आले. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवले होते की, आपल्याला द्वितीय पत्नी शार्लट हिच्या शेजारी पुरावे व दगडावर नाव, तारखा आणि एका स्तोत्रातील दोन ओळींपलीकडे काही कोरू नये. डॉरथीही त्याच दफनभूमीत आहे. लाखो रुपये ज्याच्या हातून मिशनच्या पेटीत गेले त्याच्या घरी मुलासाठी रोकड नव्हती. म्हणून आपली पुस्तके विकावीत आणि येणाऱ्या पैशांतून जेबेझला १,५०० रुपये द्यावेत, असे त्याने मृत्युपत्रात नमूद केले. आईच्या कुशीत महिन्याभराचा असताना जहाजावर चढलेले मूल, ते हेच.